अजून इथंच आहेस होय?

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू कोर्टासमोरच्या माझ्या टायपिंगच्या टेबलाशी येऊन मोबाईल पुढं केलास, नवऱ्याकडं अमेरिकेला जायच्या तुझ्या व्हिसाचं स्टेटस दाखवायला. “काका, रिफ्यूज्ड म्हणतंय. संपलं का सगळं?” पाठीमागं तीन पक्षकार ताटकळत होते, त्यामुळं धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय.

संपलेलं नाही. मुलाखतीनंतर तुला जी चिठ्ठी मिळाली, तिच्यावर २२१(जी) असं छापलंय बघ. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं ते कलम. आज व्हिसा देता येत नाही, कागद किंवा तपासणी बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. वेबसाईटवर मात्र अशा अर्जापुढं ‘रिफ्यूज्ड’च दिसतं. तपासणी उरकून व्हिसा मंजूर झाला की तिथंच ‘इश्यूड’ येतं. माझ्या लेकीच्या वेळी तो शब्द १४ महिने हलला नव्हता.

त्या १४ महिन्यांतली सगळ्यात मोठी चूक माझी. मुलाखतीची तारीख आली त्याच संध्याकाळी मी तिला म्हणालो, शाळेचा राजीनामा देऊन टाक, नंतर नोटीस पिरियडचं लचांड नको. व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका, घरदार विकू नका, तिकिटं काढू नका, हे व्हिसा ऑफिसच्याच सूचनांत लिहिलेलं असतं. सही करायच्या आधी वाचा म्हणून तीस वर्षं लोकांना ओरडणारा मी, आणि घरच्याच कामात वाचलं नाही. पोरगी घरी बसली. दोन भरलेल्या बॅगा हॉलमध्ये. येणारा पाहुणा आधी बॅगांकडं बघायचा, मग तिच्याकडं. “अजून इथंच आहेस होय?” हळदीकुंकवाला तेच, मंडईत तेच. शेवटी तिनं रंकाळ्यावर फिरायला जाणंही सोडलं. रात्री तीनला उठून स्टेटस बघायची, कारण अमेरिकेत तेव्हा ऑफिसची वेळ! व्हिसा देणारं मुंबईतलं ऑफिस मुंबईच्या वेळेनंच चालतं हे आम्हाला कोणी सांगायचं?

तेव्हा तू नोकरी धरून ठेव. बॅगा भरल्या असशील तर रिकाम्या करून माळ्यावर टाक. स्टेटस बघायचं काम नवऱ्यावर सोपव, बदललं तरच सांग म्हणावं. आणि त्याच्याशी रोजच्या बोलण्यात निम्मा वेळ तरी व्हिसा नको. भांडा हवं तर, पण दुसऱ्या कशावरून तरी.

तपासणीत नेमकं काय बघतात ते कुणाला सांगत नाहीत. म्हणून ‘माझं काय चुकलं’ हे शोधत बसू नकोस, बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतंच. पण माझ्या धंद्यामुळं एक गोष्ट मला दिसते, ती म्हणजे नावं. तिकडं नाव आणि जन्मतारीख याद्यांशी ताडून बघतात. आपल्याकडं अर्धा जिल्हा पाटील. त्यात बायकांच्या नावांचा घोळ वेगळाच. लग्नाआधी मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, काही घरांत तर पहिलं नावही. तुझ्या दाखल्यावर वडिलांच्या नावाला ‘राव’ आहे, आधारवर नाही, पासपोर्टवर सासरचं आडनाव. आपल्याला कळतं की बाई एकच आहे. परक्या माणसाला तीन दिसतात. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवू. त्यानं तपासणी लवकर होईल असं मी म्हणणार नाही, आणि मागितल्याशिवाय पाठवायचंही नाही. विचारलं तर हाताशी असावं, इतकंच.

तपासणीसाठी जादा माहिती मागणारा डीएस-५५३५ फॉर्म तुला आलाय, तो मात्र घाईत भरू नकोस. १५ वर्षांचे पत्ते, नोकऱ्या आणि परदेश प्रवास, शिवाय ५ वर्षांतले फोन नंबर, ईमेल, सोशल मीडियाची खाती. पुण्यातलं हॉस्टेल, नंतरची मैत्रिणींबरोबरची खोली, सगळं महिन्यासकट आठवून लिही. इन्स्टाचं बंद पडलेलं खातंही लिही. आधीच्या अर्जातल्या तारखा समोर ठेव, दोन्हीकडं एकच यायला पाहिजे. आणि पाठवलेल्याची प्रत ठेव. मागितलेले कागद वर्षाच्या आत पोचले नाहीत तर अर्ज नव्यानं आणि फीही नव्यानं. मेडिकलचा रिपोर्ट साधारण ६ महिने चालतो, पण त्यांनी बोलावल्याशिवाय मेडिकल पुन्हा करू नकोस. पासपोर्टची मुदत तेवढी आजच बघ.

‘आतली ओळख’ सांगणारा एजंट भेटेल. आम्हालाही भेटला, चाळीस हजार घेऊन गेला. याहून जास्त लिहिण्याची त्याची लायकी नाही.

खरी खटपट करायची ती तुझ्या नवऱ्यानं. तो तिकडचा नागरिक आहे, त्याच्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या, म्हणजे तिकडच्या खासदाराच्या, ऑफिसात जाऊन फाईलची चौकशी करायला संमतीचा फॉर्म भरून द्यावा. ते चौकशी करतात, निर्णय त्यांच्या हातात नसतो. पण फाईल कुठं आहे याचं एखादं उत्तर येतं, आणि कधीकधी तेवढ्यावरही माणूस दोन महिने काढतो. फारच लांबलं तर फेडरल कोर्टात दावा करता येतो. तिथं ‘निर्णय द्या’ म्हणून मागता येतं, ‘व्हिसा द्या’ म्हणून नाही. खर्चही दांडगा. कोर्टाच्या दारात जन्म गेलेला माणूस सांगतोय, ते शेवटी बघू.

एक मात्र तुला कुणी सांगितलं नसेल. लग्नाला २ वर्षं व्हायच्या आत तिकडं पोचलीस तर ग्रीन कार्ड सशर्त मिळतं, २ वर्षांचं, आणि मग अट काढायचा पुन्हा अर्ज. २ वर्षं उलटल्यावर गेलीस तर थेट १० वर्षांचं. तुझ्या लग्नाला येत्या वैशाखात दोन होतील. माझ्या लेकीला असंच १० वर्षांचं मिळालं. जावई म्हणाले, हे उशिराचं व्याज. मला तेव्हा हसू आलं नव्हतं, आता येतं.

आईला जोतिबाला नवस बोलायचा असेल तर बोलू दे, अडवू नकोस. तिलाही काहीतरी करायला हवंच की.

बुधवारी ये, सोमवारी कोर्टात गर्दी असते. शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट आणि लग्नाचं सर्टिफिकेट आण. सगळे ओरिजिनल, झेरॉक्स मी काढून घेतो. आणि ऑफिसला अर्ध्या दिवसाचीच रजा टाक.

तुझा,
टायपिंगवाला काका