वाचक विचारतात: क्वाय नदीवरचा तो कर्नल खरा होता का?

प्रश्न: आमच्या सोसायटीत (कोथरूड) शनिवारी प्रोजेक्टर लावून जुने पिक्चर दाखवतात, त्यात परवा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' बघितला. जपान्यांच्या कैदेतला ब्रिटिश कर्नल पत्र्याच्या पेटीत भाजून निघतो पण हटत नाही, आणि मग स्वतःच शत्रूला झकास पूल बांधून देतो! मिस्टर म्हणतात सगळं खरं आहे. खरंच? आणि आपल्या लोकांचं असं काही आहे का?

उत्तर: मिस्टरांना सांगा, दुसऱ्या महायुद्धातला थायलंडमधला तो पूल खरा, त्यावरची रेल्वे खरी, कर्नल मात्र कादंबरीतला. तिथल्या कैद्यांमधले खरे वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी फिलिप टूझी यांनी काम होता होईल तो रेंगाळवलं, काँक्रीट मुद्दाम वाईट कालवलं जायचं, लाकडी पुलात वाळवी नेऊन सोडली, त्यामुळे पिक्चर बघून तिथून परतलेले बरेच सैनिक भडकले होते आणि मला ते पटतं. पिक्चरमधला कर्नल टिकून राहतो खरा, पण आपण कैदी आहोत हेच विसरतो, आणि लोक त्यालाच शौर्य समजून टाळ्या वाजवतात! पूलही कमांडोंनी नाही उडवला, 1945 मध्ये विमानांनी बॉम्ब टाकून तोडला, नंतर दुरुस्त झाला, आजही त्यावरून गाडी जाते.

पिक्चर 1957 चा, शूटिंग सिलोनमध्ये, कैदी बऱ्यापैकी धडधाकट. प्रत्यक्षात थायलंड ते ब्रह्मदेश 415 किलोमीटरच्या त्या लाइनवर साधारण 60 हजार युद्धकैदी राबले आणि 12 हजारांवर मेले, भूक, कॉलरा, हगवण, मारहाण. पण त्याहून वाईट हाल मजुरांचे झाले, मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ, ब्रह्मी, मलय, जावाचे लोक. त्यांच्यासोबत ना स्वतःचे डॉक्टर ना पाणी उकळून प्या म्हणून दटावणारा कोणी अधिकारी, त्यामुळे कॉलरा आला की अख्खी छावणी साफ. अंदाजे 90 हजार गेले म्हणतात. अडीच तासांच्या पिक्चरमध्ये त्यांची गोष्टच नाही, आणि त्यातले कितीतरी आपले होते हो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, नंतर पुण्यातच राहायचे. डिसेंबर 1971 मध्ये त्यांचं सुखोई पाकिस्तानात पाडलं, रावळपिंडीच्या छावणीत ठेवलं. पडलो तर पळणार हे त्यांनी आधीच वरिष्ठांना सांगून ठेवलेलं! कैद्यांना मिळणारा भत्ता साठवला, शाळेचा ॲटलास मिळवला, भिंत पोखरली आणि ऑगस्ट 1972 मध्ये ग्रेवाल आणि सिंहजी या दोघा कैदी वैमानिकांसोबत निघाले, बसने पेशावर, पुढे लंडी कोतल, अफगाण सरहद्द काही मैलांवर. तिथे लंडी खाना स्टेशन विचारलं, नकाशात होतं पण ते 1932 पासूनच बंद! संशय आला, बांगलादेशाकडे पळून चाललेले बंगाली वाटून पकडलं. मग परुळकरांनी आपण पाकिस्तानी हवाई दलाचे म्हणत छावणीत ओळख झालेल्या तिथल्याच एका अधिकाऱ्याला फोन लावायला लावला, त्याने ही माझीच माणसं म्हणून सांगितलं, म्हणून जीव वाचला. शिक्षा एकांतकोठडीची. 1 डिसेंबर 1972 ला वाघा सरहद्दीवरून सगळे परत आले.