जुन्या आय५-२५००के प्रोसेसरवर ओव्हरक्लॉक (मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) स्थिर होत नाही. व्होल्टेज आणखी वाढवावे का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे: इंटेलचा आय५-२५००के आणि झेड६८ चिपसेटचा मदरबोर्ड तुमच्याकडे आहे, ४.६ गिगाहर्ट्झवर बेंचमार्क विनातक्रार पूर्ण होतात, परंतु ब्राउझर उघडा ठेवून तुम्ही उठून गेलात की संगणक कधीतरी गोठलेला सापडतो, क्वचित निळा पडदाही येतो, आणि १.४० व्होल्टच्या पुढे जावे का, हे तुम्हाला ठरवायचे आहे. माझे उत्तर असे की जाऊ नये. पूर्ण भाराखाली टिकणारा आणि रिकामा असताना कोसळणारा संगणक हा भाराच्या वेळच्या व्होल्टेजचा प्रश्न सहसा नसतो. बिघाड केव्हा आणि कोणत्या रीतीने होतो, यावरून कोणती सेटिंग हलवायची ते ठरते. सगळ्या बिघाडांवर व्होल्टेज हे एकच औषध दिले, तर उष्णता वाढते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

सर्वप्रथम बायोसमधील (मदरबोर्डच्या अंगभूत सेटअपमधील) सर्व सेटिंग मूळ अवस्थेत आणाव्यात आणि ओव्हरक्लॉक नसतानाही संगणक खरोखर स्थिर आहे का, हे तपासावे. २०११ साली बाजारात आलेल्या प्रोसेसरच्या बाबतीत ही पायरी वगळता येत नाही, कारण त्याच्यासोबतचे बाकीचे भागही तितकेच जुने असण्याची शक्यता मोठी असते. कूलरमधील धूळ काढून थर्मल पेस्ट नव्याने लावावी. रॅम मॉड्यूलवर कितीही वेग छापलेला असला, तरी या प्रोसेसरचा अधिकृत वेग डीडीआर३-१३३३ हाच आहे. तेव्हा एक्सएमपी (रॅमला छापील जास्त वेगावर नेणारी सेटिंग) बंद ठेवून रॅम त्याच वेगावर, १.५ व्होल्टवर चालवावी आणि मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालू द्यावे. तेथे एक जरी त्रुटी दिसली, तरी प्रोसेसरकडे वळण्यात अर्थ नाही. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अस्थिर संगणक केवळ बंद पडतो असे नाही, तो चुकीची माहिती डिस्कवर गुपचूप लिहूनही ठेवतो.

आता ४.६ या आकड्याविषयी. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी गतिक ऊर्जा ढोबळमानाने वारंवारतेच्या समप्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या समप्रमाणात वाढते. समजा तुमचा प्रोसेसर ४.३ गिगाहर्ट्झला १.३० व्होल्ट आणि ४.६ ला १.४० व्होल्ट मागतो. तर वेगातील वाढ जेमतेम ७ टक्के आहे, पण ऊर्जेतील वाढ सुमारे २४ टक्के. ही सगळी जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, ती उष्णता गळतीचा प्रवाह वाढवते, आणि तापलेल्या प्रोसेसरला त्याच वेगासाठी पुन्हा थोडे अधिक व्होल्टेज लागते. व्होल्टेजची मागणी एकदम चढू लागते ते वळण प्रत्येक चिपमध्ये वेगळ्या ठिकाणी असते, परंतु ते शोधणे सोपे आहे: पुढच्या १०० मेगाहर्ट्झसाठी लागणारे व्होल्टेज आधीच्या पायरीपेक्षा एकदम जास्त मागितले जाऊ लागले की वळण आले असे समजावे. मी स्वतः त्या वळणाच्या एक पायरी अलीकडे थांबतो, आणि रोजच्या वापरात १.३५ व्होल्टच्या पुढे जात नाही. त्यापुढील आकडे स्क्रीनशॉटमध्ये शोभतात. कामात तो फरक जाणवत नाही.

चढण नव्याने सुरू करताना बेस क्लॉक (मूळ घड्याळाचा वेग; त्याला मल्टिप्लायरने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो) १०० मेगाहर्ट्झवरच ठेवावा. या पिढीत पीसीआय एक्सप्रेस आणि साटा यांची घड्याळेही त्याच एका स्रोताला बांधलेली असल्यामुळे तो काही मेगाहर्ट्झनी वाढवला तरी डिस्कच्या त्रुटी सुरू होऊ शकतात. शिवाय 'के' श्रेणीतील प्रोसेसरचा मल्टिप्लायर मोकळा असताना त्याची गरजही नाही. मल्टिप्लायर ४० करावा, व्होल्टेज 'ऑटो'वर न सोडता १.२५ च्या आसपास हाताने निश्चित करावे (बोर्डाचा 'ऑटो' स्वतःच्या सोयीसाठी गरजेपेक्षा बरेच अधिक देतो), आणि प्राइम९५ या प्रोसेसरवर ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरमधील स्मॉल एफएफटी ही चाचणी चालवावी. अर्धा तास टिकले तर मल्टिप्लायर एकने वाढवावा. न टिकल्यास व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदल कागदावर लिहून ठेवावा, नाहीतर चौथ्या रीस्टार्टनंतर कशामुळे काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

या चाचणीत अपयश कोणत्या रूपात येते, हे बारकाईने पाहावे. संगणक चालू राहिला पण प्राइम९५ चा एखादाच वर्कर (एका गाभ्यावर, म्हणजे कोअरवर, चालणारी चाचणी) 'राउंडिंग ०.५ आले, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होते' अशा अर्थाचा संदेश देऊन थांबला, तर तुम्ही स्थिरतेच्या अगदी जवळ आहात आणि व्होल्टेजची एक छोटी पायरी पुरते. ०x१०१ किंवा ०x१२४ क्रमांकाचा निळा पडदा आला, तर बहुतेक वेळा गाभ्याचे व्होल्टेज बरेच कमी पडत असते. याहून उपयोगी आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी खूण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असते: तेथे 'व्ही-लॉगर' या स्रोताची (इंग्रजी आद्याक्षरे डब्ल्यू-एच-ई-ए) १९ क्रमांकाची नोंद दिसली, तर प्रोसेसरने स्वतःची त्रुटी पकडून दुरुस्त केलेली आहे. वरवर सर्व सुरळीत दिसत असले, तरी अशा नोंदी येणारा ओव्हरक्लॉक मी स्थिर मानत नाही. तुमच्या संगणकावर या नोंदी आहेत का, हे आजच पाहून घ्या.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. रिकामा असताना हा प्रोसेसर मल्टिप्लायर १६ वर, म्हणजे १.६ गिगाहर्ट्झवर उतरतो, आणि व्होल्टेज ऑफसेट पद्धतीने दिले असेल तर तेही उतरते. ऑफसेट म्हणजे प्रोसेसरने त्या त्या वेगासाठी मागितलेल्या व्होल्टेजमध्ये ठराविक भर किंवा वजावट. वरच्या वेगाला चिप गरजेपेक्षा जास्त मागते म्हणून आपण वजावट करतो, तीच वजावट खालच्या वेगालाही लागू होते, आणि तेथे मुळात तुटपुंजे असलेले व्होल्टेज आणखी घटते. परिणामी भाराची चाचणी तासन्‌तास टिकते आणि तुम्ही उठून गेल्यावर संगणक गोठतो. याची खातरजमा करण्याचा सरळ मार्ग असा: व्होल्टेज तात्पुरते निश्चित पद्धतीवर आणावे आणि सी३ व सी६ या झोपेच्या अवस्था बायोसमधून बंद कराव्यात. गोठणे थांबले, तर दोष तेथेच होता. नंतर एकेक अवस्था पुन्हा सुरू करून पाहावी, आणि ऑफसेटकडे परतायचे असल्यास वजावट कमी करावी. काही बोर्डांवर केवळ टर्बोच्या (वरच्या वेगाच्या) वेळी व्होल्टेज वाढवणारा स्वतंत्र पर्याय असतो, तो येथे फार कामाला येतो.

याच्याशीच जोडलेली दुसरी सेटिंग म्हणजे लोड लाइन कॅलिब्रेशन; भाराखाली व्होल्टेज किती घटू द्यायचे हे ती ठरवते. भार येताच प्रोसेसरचे व्होल्टेज थोडे खाली यावे, हे इंटेलच्या रचनेत मुद्दाम ठेवलेले आहे, कारण भार अचानक हटल्यावर व्होल्टेज क्षणभर वर उसळते आणि त्या उसळीला जागा हवी असते. कॅलिब्रेशन सर्वोच्च पातळीवर ठेवले की सॉफ्टवेअरमध्ये रेष सरळ दिसते, परंतु उसळी मोठी होते आणि ती इतकी क्षणिक असते की एचडब्ल्यू-इन्फो किंवा सीपीयू-झेड या व्होल्टेज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरना ती दिसतच नाही. अनेकांना ही सरळ रेष आवडते. मला ती फसवी वाटते. मधली पातळी ठेवावी, भाराखाली ०.०२ ते ०.०४ व्होल्टची घट होऊ द्यावी, आणि आवश्यक व्होल्टेज त्या हिशेबाने ठरवावे. विंडोजच्या 'स्लीप'मधून जागे होताना संगणक अडकत असेल, तर 'इंटर्नल पीएलएल ओव्हरव्होल्टेज' हा पर्याय बंद करावा; ४५ च्या आतल्या मल्टिप्लायरला त्याची सहसा गरज नसते.

निळा पडदा न येता संगणक एकदम बंद पडला किंवा रीस्टार्ट झाला, तर प्रोसेसरआधी वीजपुरवठ्याकडे पाहावे. जुन्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटर क्षीण झालेले असतात. भाराखाली १२ व्होल्टची वाहिनी मोकळ्या मोलेक्स जोडणीच्या पिवळ्या आणि काळ्या तारांवर मल्टिमीटरने मोजावी, ११.४ च्या खाली ती जाता कामा नये. मदरबोर्डवरील व्हीआरएमकडेही (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागांकडे) लक्ष द्यावे. प्रोसेसरसोबत येणाऱ्या कूलरचा पंखा खाली हवा मारतो आणि सॉकेटभोवतीचे हे भाग आयते थंड होतात. उंच टॉवर कूलर बसवल्यावर प्रोसेसर गार होतो, पण ते भाग वाऱ्याविना राहतात. चाचणी सुरू झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनीच नेमका बिघाड होत असेल, तर तेथे एक छोटा पंखा रोखून पाहावा.

तापमानाच्या बाबतीत, हा प्रोसेसर ९८ अंश सेल्सिअसला स्वतःचा वेग कमी करू लागतो, परंतु ती मर्यादा म्हणजे उद्दिष्ट नव्हे. स्मॉल एफएफटीमध्ये ७५ ते ८० अंशांवर थांबावे, आणि चाचणी थंड दिवसात घेतली असेल तर खोली जितकी तापेल जवळजवळ तितकेच अंश गाभ्यातही वाढतील, हे धरून चालावे. प्राइम९५ च्या २७ व्या आणि त्यापुढच्या आवृत्त्या एव्हीएक्स (प्रोसेसरमधील जड गणिताच्या सूचना) वापरतात व नेहमीच्या कामापेक्षा पुष्कळ जास्त तापवतात; म्हणून त्या टिकल्या नाहीत म्हणून निराश होण्याचे कारण नाही, पण एव्हीएक्स वापरणारे काम, उदाहरणार्थ व्हिडिओ एन्कोडिंग, तुम्ही करत असाल तर त्यातूनच पास व्हावे लागेल. सर्व जमल्यावर प्राइम९५ ची ब्लेंड चाचणी (रॅमवरही ताण देणारी) रात्रभर, त्यानंतर काही दिवस साधा वापर आणि रिकामे बसणे, असा क्रम ठेवावा. जे व्होल्टेज जेमतेम पुरले त्यावर ०.०१ ते ०.०२ ची भर शेवटी घालावी.

तुमच्या जागी मी ४.३ किंवा ४.४ वर, निश्चित व्होल्टेजने सुरुवात करीन, गोठणे थांबते का ते आठवडाभर पाहीन, आणि मगच रॅमचा वेग वाढवण्याचा विचार करीन. रॅम वाढवल्यावर ब्लेंड चाचणी नव्याने घ्यावी लागते, कारण मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच आत आहे. जमलेल्या सेटिंग बायोसच्या प्रोफाइलमध्ये साठवाव्यात आणि त्याच वेळी बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी बदलून टाकावी, कारण ती संपली की बायोस निमूटपणे मूळ सेटिंगवर परततो. कधीकाळी स्थिर असलेला ओव्हरक्लॉक काही वर्षांनी डळमळू लागला, तर व्होल्टेज न वाढवता मल्टिप्लायर एकने उतरवावा.