वाचकांचे प्रश्न : गोठ्याची जागा, माती आणि पाण्याचा निचरा

प्रश्न : फलटण तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाला आमची साडेचार एकर जमीन आहे. वरचा एकरभर मुरमाड माळ आहे, बाकी सगळी ओढ्यापर्यंत काळी भारी जमीन. दहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायींचा मुक्त संचार गोठा, म्हणजे गायी न बांधता मोकळ्या ठेवायचा गोठा, करायचाय. विहीर, लाईट, रस्ता सगळं खाली आहे म्हणून घरचे म्हणतात गोठा पण खालीच बांधू. मे महिन्यात तिथं खड्डा घेऊन पाणी ओतून बघितलं तर लगेच जिरलं. म्हणजे निचरा चांगला आहे असं समजायचं का?

उत्तर : नाही दादा, मे महिन्यात काळ्या मातीत पाणी जिरलं यावरून काहीच ठरवू नका. ही माती वाळली की आकसते आणि पार हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तुम्ही ओतलेलं पाणी त्या भेगांतनं खाली निघून गेलं. जूनमध्ये दोन-तीन दमदार पाऊस झाले की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि मग भारी चिकण जमीन तासाला जेमतेम 1 ते 5 मिलिमीटर पाणी आत घेते. वळवाचा नाहीतर परतीचा पाऊस याच्या कितीतरी पट जोरात कोसळतो, मग उरलेलं पाणी उतार असेल तर ओढ्याकडं पळतं आणि नसेल तर तिथंच साचतं, आणि तुम्ही नेमकं तिथंच गायी सोडायचं म्हणताय.

चाचणी परत घ्या, पण नीट. फूटभर रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्या, संध्याकाळी काठोकाठ भरा, सकाळी परत भरा, आणि भेगा मोठ्या असतील तर अजून एक दिवस हेच करा म्हणजे माती पूर्ण फुगेल. मग खड्ड्यात खुणा केलेली काठी उभी करा आणि दर तासाला पाणी किती उतरलं ते लिहून ठेवा. एक खड्डा वरच्या माळावर, एक मधे, एक ओढ्याजवळ. तासाभरात बोटाच्या अर्ध्या पेराएवढंही पाणी उतरत नसेल तर ती जागा गोठ्याला नको. माळावर बहुतेक पाणी बघता बघता जाईल.

माती कसली आहे हे बघायला लॅबची वाट बघत बसायची गरज नाही. मूठभर माती ओली करून चांगली मळा आणि अंगठा नि पहिल्या बोटाच्या मधे दाबत दाबत पट्टी काढा. दोन इंचाच्या पुढं पट्टी न तुटता निघाली तर भारी चिकण, इंचभर निघून तुटली तर पोयट्याची, निघालीच नाही तर वाळूची. काचेच्या बरणीत माती, पाणी आणि चिमूटभर कपड्याची पावडर टाकून हलवून ठेवली तरी कळतं, वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा (वाळूपेक्षा बारीक गाळ) काही तासात बसतो आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते.

पण वरच्या फूटभर मातीवर जाऊ नका, खाली काय आहे ते जास्त महत्त्वाचं. तुमच्याकडं विहीर आहे ना, मग पाणी खाली गेलेलं असताना आत डोकावून बघा, सगळं तिथं लिहिलेलं असतं : काळी माती किती फूट, तिच्या खाली चुनखडीचे खडे आहेत का, मुरूम कुठं लागला, पाषाण कुठं. चार फुटावर मुरूम असेल तर पाया घ्यायला सोपं पडतं, दहा-बारा फूट नुसती काळी माती असेल तर कोबा आणि भिंती वर्षा-दोन वर्षात तडकायला लागतात कारण खालची जमीन दरवर्षी फुगते आणि बसते. पावसाळ्यात विहिरीचं पाणी किती वर येतं हे पण घरातल्या जुन्या माणसांना विचारा. कालव्याच्या खाली जमीन असली की हे विचारणं फारच गरजेचं, कारण पाट सुटला की पाऊस नसतानाही पाझर वर येतो.

आता गायीच्या बाजूनं बघा. एचएफ गाय पाचशे किलोच्या आसपासची, चार पायावर तेवढं वजन घेऊन ती ओल्या काळ्या मातीत फिरली की दोन दिवसात राडा होतो, खूर रुतून माती दाबली जाते, मातीतली हवा-पाण्याची छिद्रं बुजतात आणि निचरा होता त्याहून खराब होतो. खुरं कायम ओली राहून मऊ पडतात, मग सडतात, गाय लंगडते, लंगडणारी गाय गव्हाणीपर्यंत कमी वेळा जाते आणि दूध कमी होतं. बसायला कोरडी जागा नसली की ती चिखलातच बसते, सडाला चिखल लागतो आणि कासदाह, म्हणजे कासेची सूज, सुरू होतो. गाय आजारी पडली की लोक खुराक बदलतात, डॉक्टर बदलतात, पण बसायची जागा ओली आहे हे कोणी बघत नाही, मला याचं फार वाईट वाटतं कारण हे सगळं बांधायच्या आधी एका फेरफटक्यात टाळता येतं.

त्यामुळं माझं स्पष्ट मत : गोठा वरच्या माळावर, चारा खालच्या काळ्यात. आपली जुनी गावठाणं बघा, बहुतेक उंचवट्यावर आहेत, काळी जमीन पिकाला सोडलेली. विहिरीवरनं पाइपानं पाणी वर नेणं आणि दोन-चार पोल टाकणं याचा खर्च एकदाच होतो. काळ्यात नेपियर (चाऱ्याचं उंच गवत) लावा, पण सऱ्या पाडून वरंब्यावर, कारण नेपियरला पाणी लागतं तरी मुळाशी साचलेलं सोसत नाही. लसूणघास अजून नाजूक, तो मध्यम जमिनीच्या पट्ट्यात करा. ओढ्याकडंच्या कायम ओल्या कोपऱ्यात पॅराग्रास, म्हणजे ओल सोसणारं चाऱ्याचं गवत, चालेल.

मुक्त गोठ्याला गायीमागं साधारण 200 चौरस फूट मोकळी जागा धरा, म्हणजे तुम्हाला 2000 चौरस फूट. त्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 9000 लिटरच्या वर पाणी होतं, ते कुठनं बाहेर पडणार हे आधी कागदावर काढा. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घेऊन उतार मोजा, डोळ्यांचा अंदाज फसतो. शेडमधल्या कोब्याला दहा फुटाला 2 ते 3 इंच उतार पुरतो. शेडच्या पत्र्याला पन्हळ लावाच, ते पाणी शेणात मिसळू न देता वेगळं काढा. आणि गोठ्याच्या वरच्या अंगाला एक चर घ्या म्हणजे माळाचं पाणी आत येणार नाही.

एक धोका मात्र वरच्या जागेलाही आहे. माळ वर, विहीर खाली, आणि मुरमातनं पाणी झटकन पाझरतं, म्हणजे शेणा-मुताचं पाणी पण. दहा गायींचं रोजचं दीडशे-दोनशे किलो शेण आणि शंभरेक लिटर गोमूत्र धरा. त्याचा खड्डा कच्चा ठेवू नका, सिमेंटचा करा नाहीतर जाड प्लास्टिक अंथरा, आणि विहिरीच्या थेट वरच्या रेषेत घेऊ नका. तिथनं स्लरी (शेण-मुताचं पातळ पाणी) उतारानं आपोआप नेपियरला जाते, मोटार पण लागत नाही.

काही कारणानं खालीच बांधावं लागलं तर काळी माती काढून दोन-तीन फूट मुरमाचा भराव, थरावर थर देऊन, पाणी मारून रोलरनं दाबून, आणि चारी बाजूला चर. मुरूम विकत घेताना रॉयल्टीची पावती मागून घ्या.

प्रश्न : शिरोळ तालुक्यात नदीकाठची जमीन स्वस्तात मिळतेय, गोठा आणि चारा दोन्हीसाठी. उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं. जिप्सम टाकलं की सुधारेल असं विकणारे म्हणतात. घ्यावी का?

उत्तर : आधी माती तपासा ताई, पैसे नंतर. नमुना नुसता वरचा नको, 1 फूट, 2 फूट आणि 3 फूट असे वेगळे घ्या, आणि बांधाजवळचा, उकिरड्याजवळचा घेऊ नका. सामू (पीएच) साडेआठच्या आत आणि क्षारता (ईसी) 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर ती खारवट जमीन, तिला जिप्समनं फरक पडत नाही, क्षार धुवून बाहेर काढावे लागतात. सामू साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त असेल तर ती चोपण, तिथं जिप्सम कामाला येतं, पण तेही निचऱ्याची सोय असेल तरच, कारण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जायला वाट पाहिजे. म्हणजे दोन्हीकडं प्रश्न निचऱ्याचाच. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून तुमच्याच तालुक्यात क्षारपड जमिनी परत पिकाखाली आल्यात, पण ते काम एकट्याच्या दोन एकरात जमत नाही, पाइपाचं पाणी शेवटी कुठल्या नाल्यात सोडणार आणि मधले शेतकरी वाट देणार का हे घ्यायच्या आधी विचारा. तिथं पाणकणीस किंवा लव्हाळा माजलेला दिसला तर पाणी वर आहे हे समजून जा. अशा मातीत लोखंड आणि सिमेंट पण लवकर खातं, शिवाय नदीकाठ म्हणजे पुराची रेषा कुठवर आली होती ते शेजाऱ्यांना विचाराच, 2005, 2019 आणि 2021 चा पूर सगळ्यांना आठवतो. माझ्या मते चाऱ्यापुरती घ्यायची तर विचार करा, गोठा तिथं नको.

प्रश्न : रत्नागिरीजवळ जांभ्याच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) चार म्हशी ठेवायच्या आहेत. इथं पाणी साचतच नाही, मग निचऱ्याची काळजी कशाला?

उत्तर : साचत नाही हीच काळजी. जांभा सच्छिद्र असतो, आणि तुमच्याकडं वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उघड्यावर टाकलेलं शेण पावसाळ्यात चार महिने धुवून खाली जातं आणि खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं. शेणाच्या खड्ड्यावर छप्पर घाला, तळाला कोबा करा, आणि विहीर कुठल्या बाजूला आहे ते बघून खड्डा उलट्या उताराला घ्या. आणि जिथं कातळ उघडा आहे तिथं पाणी जिरत नाही, वरनं वाहतं, त्यामुळं पावसात एकदा छत्री घेऊन सड्यावर फिरून या आणि लोंढा जिथनं जातो ती जागा सोडूनच म्हशी बांधा.