मानाचा पाहुणा बोलावताना

विज्ञानकथा संमेलनाचा मानाचा पाहुणा लेखकच हवा असं नाही. १९३९ साली न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या वर्ल्डकॉनचे, म्हणजे जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे, मानाचे पाहुणे फ्रँक आर. पॉल हे चित्रकार होते.

निमंत्रण ८-१० महिने आधी आणि लेखीच पाठवा. प्रवास, हॉटेल, सोबतच्या माणसाचा खर्च, कार्यक्रम किती, सगळं त्यात हवं; ‘नंतर बघू’ म्हटलं की भांडण ठरलेलं.

दिवसाला दोन-तीनच कार्यक्रम ठेवा. सह्यांना तासभर, माणशी दोन पुस्तकं. रांग १५ मिनिटं आधी बंद करा, नाहीतर पुढचं सत्र कोलमडतं. सभागृह दादरला असेल तर हॉटेलही जवळच घ्या. अंधेरीहून संध्याकाळी गाडीने आणणं म्हणजे निव्वळ जुगार. पावसाळा तर टाळाच.

पाहुण्यासोबत दिवसभर एकच स्वयंसेवक द्या, चिकट चाहत्यांना हसत बाजूला करणारा.