आधी ग्रामसभेला जा
लोकशाही, समता यावर तू छान बोलतोस, मनापासून बोलतोस, पण तुझ्या गावची ग्रामसभा कधी असते ते माहितीये का? वर्षातून किमान 4 व्हायला पाहिजेत, बऱ्याच गावांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात, तिथे जाऊन बस आधी. पहिल्यांदा बोलू नको, कोण बोलतं आणि कोणाला गप्प बसवतात तेवढं बघ. मग पंचायतीचा विकास आराखडा माग आणि दलित वस्तीतल्या पाण्याला, रस्त्याला किती पैसे ठेवलेत ते वाच, समता खरी आहे का ते तिथे कळतं. कागद देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना.

आणि महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायचा नियम आहे, ती नुसती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकतात बऱ्याच ठिकाणी, मला याचा फार राग येतो. आई, काकू, वहिनी यांना घेऊन जा, घरातला स्वयंपाक त्या दिवशी तू कर. ठराव प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहिला गेला का ते मात्र उठायच्या आधी बघ, नाहीतर चर्चा झाल्याचा पुरावाच राहत नाही.