7 दिवस फक्त जळगावची केळी खाऊन वजन उतरतं का?

काटा एखाद-दोन किलो कमी दाखवेल, पण उतरतं ते बरंचसं पाणी. नेहमीचं जेवण सुरू झालं की परत चढतं. हिशोबच बघा ना, मध्यम केळ्यात साधारण 105 कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम 1.3 ग्रॅम. दिवसाला 10 केळी खाल्लीत तरी 13 ग्रॅम, आणि 60 किलोच्या माणसाला लागतात 50च्या आसपास. मग स्नायू झिजतात, अंगात त्राण राहत नाही. आपली कळण्याची भाकरी कितीतरी बरी! तिच्यात ज्वारीसोबत अख्खे उडीद दळलेले असतात, दुपारपर्यंत भूक लागत नाही. सोबत ताक घ्या, भरितावरचं तेल निम्मं करा, केळं एखादं नाश्त्याला. फक्त किडनीचा त्रास असेल तर केळ्यातलं पोटॅशियम बाधू शकतं, आधी डॉक्टरांना विचारा.