दिवसभर उभं राहणं आणि चालणं यात फरक आहे

तुम्ही लिहिलंय: वय ४७, सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडाचं दुकान, साखर नुकतीच 'बॉर्डर'वर निघालीय, जिम दोनदा लावली आणि दोनदा सुटली. दिवसभर दुकानात पायावरच असतो, मग वेगळं चालायची गरज आहे का?

आहे की ओ. मीही हेच म्हणायचो. यंत्रमागावर २२ वर्षं उभ्यानं काम केलं. बीपी निघालं तेव्हा डॉक्टरांना म्हणालो, "कष्टाच्या माणसाला कसला बीपी?" त्यांनी एवढंच विचारलं, "कामात धाप लागते का?" लागत नव्हती. पाय दुखायचे, कंबर धरायची, पण छातीचा भाता हलत नव्हता.

जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास करून १९५३ साली छापला. ड्रायव्हर दिवसभर बसलेले, कंडक्टर दुमजली बसचे जिने चढउतार करणारे. कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. जिम कुणीच लावली नव्हती, रोजचे जिने तेवढे होते.

आता तुमच्या साखरेचं. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. चालून झाल्यावरही साधारण एक-दोन दिवस शरीर इन्सुलिनला नीट दाद देतं. मग तो परिणाम ओसरतो. म्हणून रविवारी एकदम बारा किलोमीटर तुडवायचं आणि शनिवारपर्यंत गल्ल्यावर बसायचं, हे साखरेला तेवढं उपयोगाचं नाही. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू देऊ नका. तुमची जिम सुटली ती आळसानं नव्हे, पहिल्याच आठवड्यात जास्त केल्यानं, असा माझा अंदाज. माझी तशीच सुटली होती. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की लावली, फेब्रुवारीत गुडघा धरून घरी.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास, एवढ्यावर सुरुवात होते. सलगच हवा असंही नाही, दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. दहा हजार पावलांचा आकडा डोक्यातून काढा, तो १९६० च्या दशकातल्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्राच्या जाहिरातीतून आलाय.

शिवाय आठवड्यातून दोनदा ताकदीचं काहीतरी. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून पुशअप. माल उतरवताना दोन तागे स्वतः उचलले तरी बिघडत नाही, फक्त कमरेतून वाकू नका.

वेळेचं आपल्याकडे ऊन ठरवतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला जातो, तेव्हा साडेपाचला बाहेर पडून सातच्या आत घरी. मी किल्ल्याच्या बाजूनं सिद्धेश्वर तळ्याकडे जातो. सकाळ जमली नाही तर रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं गल्लीतच फिरा, जेवणानंतर चढणारी साखर त्यानं दबते. मात्र परत येताना भज्यांच्या गाडीवर थांबायचं नाही. (थांबलोय मी, म्हणून सांगतो.)

वजनाकडे बघत बसू नका, ते नुसत्या चालण्यानं फारसं हलत नाही. माझं दोन किलोच उतरलं, पण बीपीचा वरचा आकडा आठ-दहानं खाली आला आणि झोप लागायला लागली. गोळी चालूच आहे, स्वतःच्या मनानं बंद केली नाही.

चालताना छातीत दाटून आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर तिथंच थांबा आणि दवाखाना गाठा. वडिलांना हृदयविकार होता असंही लिहिलंय तुम्ही, तेव्हा सुरू करण्याआधी एकदा ईसीजी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या. पुढे साखरेची गोळी लागली तर ती घेऊन उपाशीपोटी चालायचं का, हेही त्यांनाच विचारा.

आणि बूट घ्या. मी पहिले तीन महिने चपलेवर चाललो, टाच अजून सकाळी दुखते.